बॅटरीचा काय दोष?

बिघाड झाला म्हणजे माणूस प्रथम दोषी शोधू लागतो. आणि जो सर्वांत जवळ सापडेल त्याच्या माथी दोष मारून मोकळा होतो. चुलीतून धूर निघाला की लाकडे ओली. भाकरी थापताना मोडली की पीठ जुने. मुलाला गणित आले नाही की गुरुजींचे शिकवणे बरोबर नाही. पुष्कळदा हे खरेही असते. परंतु पुष्कळदा खरे कारण चार पावले पलीकडे गुपचूप बसलेले असते. ते हुडकून काढायला मोठी बुद्धी लागतेच असे नाही. धीर मात्र लागतो. हा धीर ही एक विद्याच आहे. परभणीकडच्या एका खेड्यात एका जुन्या ट्रॅक्टरने ही विद्या एका कुटुंबाला शिकवली.

हा ट्रॅक्टर घरात आला तेव्हा आबांचे केस काळे होते. भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. पुढच्या काही दशकांत जे साधे, दणकट ट्रॅक्टर खेडोपाडी पोहोचले त्यांच्याच कुळातला हा एक. पस्तीस अश्वशक्तीचा, डोक्यावर छप्पर नसलेला, बसायला लोखंडी आसन. नव्या ट्रॅक्टरांचा डौल त्याच्यापाशी नव्हता. पण आबांची सारी जमीन त्याने नांगरली होती, ऊस कारखान्यावर पोहोचवला होता, आणि एकदा मध्यरात्री आजारी सुनेला ट्रॉलीत निजवून तालुक्याच्या दवाखान्यात सुखरूप नेले होते. त्यामुळे घरात त्याला कोणी यंत्र मानीत नसे.

श्रावण अमावास्येला पोळा आला. घरची बैलजोडी केव्हाच गेली होती. तेव्हा शिंगांना लावायचा रंग यंदा ट्रॅक्टरलाच लावावा, असे आबांच्या मुलाच्या मनात आले. दोन दिवस खपून त्याने जुना रंग खरवडला, सुट्या होण्याजोग्या वस्तू काढून ठेवल्या, तांबड्या रंगाचे तीन हात दिले आणि सर्व वस्तू पुन्हा जागच्या जागी बसवल्या. पोळ्याच्या दिवशी ट्रॅक्टरच्या गळ्यात झेंडूचा हार पडला आणि आजीने पुरणपोळीचा घास त्याच्या नाकासमोर धरला. नातीला हसू आवरेना. पण आजीने मनोभावे कुंकू लावले.

पंधरवडा उलटला आणि एका सकाळी आबांनी किल्ली फिरवली, तेव्हा ट्रॅक्टर बोलेना. आत कोठेतरी एक क्षीण आवाज झाला, आणि शांतता. चार माणसांनी धक्का देऊन उतारावर सोडला तेव्हा एंजिन सुरू झाले, आणि सुरू झाल्यावर दिवसभर ते बिनतक्रार चालले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार.

सर्वांनी एकमुखाने निकाल दिला : बॅटरी गेली. तालुक्याला नेऊन बॅटरी भरून आणली. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी ती पुन्हा थकली. मग आबांनी नवी बॅटरी आणली. आठवडा झाला नाही तोच तीही मुकी झाली. आता नव्या बॅटरीला दोष कसा द्यायचा? तेव्हा लोकांनी बोट डायनॅमोकडे वळवले. नवा डायनॅमो घ्यायचा तर बियाण्यासाठी आणि खतासाठी बाजूला ठेवलेले पैसे मोडावे लागणार होते.

त्यातच दिवस पेरणीचे. मुगाचे रान मोकळे झाले होते, परतीचा पाऊस पडून गेला होता आणि काळी जमीन वापशावर येत होती. वापसा म्हणजे जमिनीची ती नेमकी घडी, जेव्हा माती पायाला चिकटत नाही आणि हातात घेतली तर कोरडीही लागत नाही. रब्बीची ज्वारी याच ओलीवर उगवते आणि पुढे थंडीत तिच्यावरच वाढते. वापसा कोणासाठी थांबत नाही. ऊन पडू लागले की दोन-चार दिवसांत वरची ओल उडते. ट्रॅक्टर रोज धक्का देऊन सुरू करावा, तर शिवारात चार माणसे रोज कोठून आणायची? आणि चिखलात बंद पडला तर तेथे उतार कोठला?

हा ट्रॅक्टर सकाळी उठत नव्हता, मग दिवसभर चालत कसा होता, याचे घरातल्या सर्वांना नवल वाटे. त्याचे उत्तर डिझेल एंजिनाच्या स्वभावात आहे. असे एंजिन हवा इतकी जोराने दाबते की ती कमालीची तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. ठिणगीची गरज नसते, म्हणून एकदा फिरू लागलेल्या जुन्या डिझेल एंजिनाला विजेवाचून काही अडत नाही. वीज लागते ती त्याला झोपेतून उठवण्यासाठी. तो पहिला हिसका देणारा स्टार्टर क्षणभरात बॅटरीतून शेकडो अँपियर ओढून घेतो. म्हणजे वीज भरणाऱ्या यंत्रणेतला बिघाड दिवसा लपून राहतो आणि सकाळी बॅटरीच्या रूपाने प्रकट होतो. चोर एक, आणि पकडला जातो दुसराच.

बॅटरी ही घरातल्या कणगीसारखी असते. सकाळी तिच्यातून पायलीभर धान्य काढले तर दिवसभरात कोणीतरी तेवढे परत ओतले पाहिजे. हे ओतण्याचे काम डायनॅमोचे. नव्या ट्रॅक्टरांवर त्याची जागा आल्टर्नेटरने घेतली आहे. पण काम तेच. एंजिनाच्या पट्ट्याने डायनॅमो फिरतो आणि वीज निर्माण करतो. डायनॅमो आणि बॅटरी यांच्या मध्ये एक छोटी डबी असते. तिच्यात दोन पहारेकरी राहतात. त्यांतला एक आहे कटआउट. डायनॅमोचा दाब बॅटरीच्या दाबाहून वाढला म्हणजेच तो दार उघडतो, आणि दाब कमी होताच ते लावून घेतो. नाहीतर एंजिन थांबल्यावर कणगीतले धान्य उलट वाहून जायचे. दुसरा आहे रेग्युलेटर. डायनॅमोने भलतेच ओतू नये म्हणून तो त्याचा हात धरून ठेवतो.

अखेर शेजारच्या गावच्या मिस्त्रींना निरोप गेला. मिस्त्री वृद्ध होते. त्यांच्या पिशवीत थोडीच हत्यारे होती : एक मीटर, काही तारा, पान्हे, बॅटरीतील आम्लाचा कस पाहण्याची काचेची नळी आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा. आल्याआल्या त्यांनी पान्हा हातात घेतला नाही. ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला आणि विचारले, "आबा, पहिल्यापासून सांगा. काय काय झाले?"

आबांनी सर्व सांगितले. मग मिस्त्रींनी विचारले, "मीटरजवळचा तांबडा दिवा काय म्हणतो?"

"त्याचे काय?" आबा म्हणाले. "सुरू करताना लागतो, मग विझतो. तो ठीक आहे."

नांगरणाऱ्याची नजर पुढे कधी नसते. ती मागच्या तासावर असते. आबांनी पन्नास वर्षे मागे पाहूनच शेत नांगरले होते. पण मडगार्डावर बसून शेतातून घरी येणारी त्यांची बारा वर्षांची नात पुढेच पाहत असे. ती म्हणाली, "काका, तो विझतो खरा, पण ट्रॅक्टर जोरात निघाला की पुन्हा लागतो. जितका जोर जास्त, तितका दिवा मोठा. काल तिन्हीसांजेला मी पाहिला."

मुलाने हसून तिला गप्प करायचा प्रयत्न केला. मिस्त्री मात्र हसले नाहीत. त्यांनी पेला खाली ठेवला, तिच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, "हे तू फार मोलाचे सांगितलेस, पोरी. आता आपण एकेकाला विचारत जाऊ."

पहिला प्रश्न त्यांनी बॅटरीला विचारला. बॅटरीत सहा घरे असतात आणि प्रत्येक घर सुमारे दोन व्होल्टचे. सहा मिळून बारा. मिस्त्रींनी प्रत्येक घरातले आम्ल नळीत ओढून पाहिले. आम्ल अंगावर उडू नये म्हणून नातीला त्यांनी दोन पावले मागे उभे केले, आणि विडी ओढीत आलेल्या एका शेजाऱ्यालाही दूर जायला सांगितले. कारण बॅटरीतून निघणारा वायू एका ठिणगीने भडकू शकतो. भरलेल्या बॅटरीत हा कस १.२८च्या आसपास असतो. येथे सहाही घरांत तो १.१५च्या जवळ होता.

"सहाही सारखी," मिस्त्री म्हणाले. "एकच घर खाली असते तर ती आजारी म्हटली असती. ही आजारी नाही, उपाशी आहे."

भुकेलेला आणि आजारी यांत फरक असतो, हे वैद्याला ठाऊक असते. भुकेल्याला औषध देऊन काय उपयोग?

दुसरा प्रश्न पट्ट्याला. एंजिन बंद असताना मिस्त्रींनी पट्ट्याच्या मधोमध अंगठा दाबला. तो बोटभर दबला. म्हणजे पट्टा सैल नव्हता, घसरत नव्हता. तिसरा प्रश्न बॅटरीच्या टोकांना. तेथे पांढरी-हिरवी बुरशी साठली की विजेची वाट अडते. नव्या बॅटरीची टोके स्वच्छ होती आणि घट्ट बसलेली होती.

मग धक्का देऊन एंजिन सुरू केले आणि मिस्त्रींनी मीटर बॅटरीवर धरला. काटा बाराच्या किंचित वर होता. नातीच्या बापाने वेग वाढवला; काटा हलला नाही. बॅटरीत काही जात असते तर तो चौदाच्या आसपास चढायला हवा होता. म्हणजे कणगीत धान्य पडत नव्हते. पण ते पिकतच नव्हते, की वाटेत अडत होते?

चौथा प्रश्न अर्थात डायनॅमोला. एंजिन थांबवून मिस्त्रींनी त्याच्या दोन्ही तारा, जाड आणि बारीक, सोडवल्या. मग डायनॅमोची दोन्ही टोके एका तुकड्याने एकमेकांस जोडून मीटरची एक तार तेथे व दुसरी ट्रॅक्टरच्या लोखंडी अंगाला लावली. एंजिन पुन्हा सुरू झाले, अगदी मंद.

या लहानशा डायनॅमोची कुळकथा मोठी आहे. पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी केलेल्या मायकेल फॅरेडे यांना १८३१ मध्ये लंडनला असे आढळले, की तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आत-बाहेर हलवला तर तारेत वीज वाहू लागते. पुढे १८६६-६७च्या सुमारास वेर्नर सीमेन्स, चार्ल्स व्हीटस्टन यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवून दिले, की यंत्रात कायमचा चुंबक ठेवण्याचीही गरज नाही. वीज बंद झाल्यावरही लोखंडात चुंबकत्वाची किंचित आठवण उरते. त्या आठवणीच्या बळावर प्रथम थेंबभर वीज होते; ती वीज चुंबक बळकट करते; बळकट चुंबक आणखी वीज देतो. आबांचा डायनॅमोही रोज सकाळी अशीच आपली आठवण जागवून कामाला लागत होता, की ती विसरला होता, हे आता कळणार होते.

काटा हलला. दोन, सहा, दहा, पंधरा. वीस होण्यापूर्वीच मिस्त्रींनी हात वर केला आणि वेग उतरवला. कारण रेग्युलेटरचा हात सुटलेला डायनॅमो फार वेगाने फिरवला तर स्वतःच्याच विजेने तो जळू शकतो.

"डायनॅमो निर्दोष!" नात ओरडली. आबांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी थोडे तेज आले. बियाण्याचे पैसे तूर्त वाचले होते.

मिस्त्रींनी तारा पुन्हा जोडल्या आणि ते त्या डबीपाशी आले. डबीत डायनॅमोकडून येणाऱ्या टोकाला मीटर लावला. तेथेही दाब भरपूर होता. म्हणजे मधल्या तारा शाबूत होत्या. बॅटरीकडे जाणाऱ्या टोकाला मात्र जेमतेम बारा. दार बंदच होते. सुमारे तेरा व्होल्ट झाले की कटआउटने दार उघडायला हवे. येथे काटा अठरावर गेला तरी पहारेकरी ढिम्म.

"मग डबी बदलू या," आबांचा मुलगा म्हणाला. "तालुक्याला मिळेल."

"बदलता येईल," मिस्त्री म्हणाले. "पण पहारेकरी एक नाही, दोघेही एकदम झोपले आहेत. दार उघडत नाही आणि डायनॅमोला आवरही घातला जात नाही. म्हणूनच पोरीला तो दिवा दिसला. त्याच्या एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला डायनॅमो. दोघांचा दाब सारखा झाला की दिवा विझतो. पण डायनॅमो बेफाम होऊन बॅटरीच्या फार पुढे गेला की दोघांत पुन्हा अंतर पडते, आणि दिवा पुन्हा लागतो. दोघे एकदम आजारी पडले, तर दोघांचे समाईक काय आहे ते पाहावे."

समाईक होती ती परतीची वाट. विजेला जाण्याची वाट पुरत नाही. फिरून येण्याचीही लागते. ट्रॅक्टरमध्ये ही परतीची वाट म्हणजे त्याचे लोखंडी अंग. डबीतल्या दोन्ही वेटोळ्यांतील वीज एका आखूड तारेने, एका स्क्रूखालून, त्या अंगात उतरत असते. मिस्त्रींनी मीटरची एक तार डबीच्या त्या टोकावर ठेवली आणि दुसरी एंजिनाच्या उघड्या लोखंडावर. दोन्ही एकच असायला हवीत. काटा शून्यावर राहायला हवा. काटा सरळ वर गेला.

एंजिन बंद करून त्यांनी तो स्क्रू काढला. तारेच्या कडीखाली नवा तांबडा रंग चमकत होता. तीन हात दिलेला, गुळगुळीत, जराही ओरखडा नसलेला. रंगातून वीज जात नाही. स्क्रूच्या आट्यांतही रंग भरला होता.

कोणी काही बोलले नाही. आबांच्या मुलाने मान खाली घातली. मिस्त्रींनी पॉलिश पेपरचा तुकडा नातीच्या हाती दिला आणि म्हणाले, "लोखंड दिसेपर्यंत घास." रुपयाएवढी जागा पांढरी झाली. स्क्रूही घासला, कडी पुसली आणि तार घट्ट बसवली. पुन्हा धक्का, पुन्हा एंजिन. डबीत बारीकसा 'टक्' आवाज झाला. पहारेकऱ्याने दार उघडले होते. तांबडा दिवा विझला. वेग वाढवला तरी तो विझलेलाच राहिला. बॅटरीवर मीटरचा काटा हळूहळू चौदाकडे चढू लागला.

मिस्त्रींनी आपली मजुरी घेतली आणि ते निघाले. जाताना ते आबांच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "रंग छान दिला आहेस. फक्त जेथे लोखंडाने लोखंडाला भेटायचे असते, तेथे मध्ये रंग येऊ देऊ नकोस."

त्या घराने या प्रसंगातून पुष्कळ वाचवले. नवा डायनॅमो आणला असता तरी ट्रॅक्टर बरा झाला नसता. उलट आवर नसल्याने तोही कदाचित जळून गेला असता, आणि मग लोकांनी दुकानदाराला नावे ठेवली असती. वस्तू बदलत सुटणे हा काही शोध नव्हे. शोध म्हणजे एका वेळी एकच प्रश्न विचारणे, त्याचे उत्तर मिळेपर्यंत पुढे न जाणे, आणि जो निर्दोष ठरला त्याला खरोखर निर्दोष मानून सोडून देणे. मिस्त्रींनी बॅटरी सोडली, पट्टा सोडला, डायनॅमो सोडला. शेवटी जो उरला त्याला लपायला जागाच उरली नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. बारा वर्षांच्या मुलीने जे डोळ्यांनी पाहिले होते, ते त्यांनी मोठ्यांच्या अंदाजाहून मोठे मानले.

आणि दोष कोणाचा? बॅटरी उपाशी होती, डायनॅमो राबत होता, पहारेकरी जागे होऊ शकत नव्हते. रंगही मायेनेच दिलेला होता. माणसामाणसांतही पुष्कळदा असे होते. दोन्ही बाजूंना माया असते, आणि मध्ये कोठेतरी एक पातळ थर बसून वाट अडते. तेथे कोणाला शिक्षा करून भागत नाही. ती नेमकी जागा शोधून थोडी घासावी लागते.

तिसऱ्या दिवशी रान वापशावर आले. पहाटे आबांनी किल्ली फिरवली, आणि पहिल्याच हिसक्याला ट्रॅक्टर गरजला. दिवस मावळेपर्यंत दोन एकर ज्वारी पेरून झाली.